नऊ काळे चष्मे आणि सुषमाचं सासर

आमच्या खानदानात आजवर कुणालाही मोतीबिंदू झालेला नाही. तरीही एका मे महिन्यात आम्ही नऊ जण, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लावतात ते काळे चष्मे लावून, माझ्या धाकट्या बहिणीचं होणारं सासर पाहायला गेलो होतो.

यात चूक कुणाची, असं कुणी विचारलं की घरातली सगळी बोटं माझ्याकडे वळतात. (त्यात माझंही एक असतं.)

गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा बाबा होते. आई गुडघ्यावर हात न टेकवता उठत होती. बाभुळगावच्या आमच्या घरात कूलर एकच होता, आणि त्याच्यासमोरच्या जागेसाठी काका आणि मामा, दोघंही साठीच्या पुढचे, शाळकरी पोरांसारखे भांडायचे. आता प्रत्येक खोलीत कूलर आहे, पण भांडायला माणसं उरली नाहीत. तो उन्हाळा आठवला की मला अजून ओल्या वाळ्याचा वास येतो आणि त्यामागोमाग थंड तेलाचा. त्या तेलाबद्दल पुढे सांगतोच, कारण ते सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

माझं तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. बहीण सुषमा यवतमाळला अभ्यासिकेत बसून परीक्षांची तयारी करत होती. तिच्या समोरच्या टेबलावर मुकुटबनकडचा प्रवीण बसायचा. दोघांनी दोन वर्षं एकमेकांसमोर बसून अभ्यास केला. प्रवीणला ग्रामसेवकाची नोकरी लागली, सुषमाला प्रवीण आवडला. मुलगा आपल्यातलाच, नोकरीवाला, निर्व्यसनी. तरी बाबांनी वर्षभर तोंड फुगवून ठेवलं, कारण मुलगा बाबांनी शोधलेला नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिपाई म्हणून काढलेला माणूस. घंटा आपल्या हातानं वाजवल्याशिवाय शाळा भरली असं त्यांना वाटतच नसे.

शेवटी आईनं जेवणाच्या ताटावर विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "आधी घर पाह्यतो, माणसं पाह्यतो. मंग सांगतो."

आमच्याकडे ती रीतच आहे. मुलगी पसंत पडली की मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला जातात. खोल्या किती, बोअरला पाणी किती, होणारी सासू बोलते किती, हे सगळं पाहून, जेवून यायचं आणि मग होकार कळवायचा. मुलीनं मात्र त्या दिवशी घरीच थांबायचं.

आदल्या दिवशी सुषमानं मला दुकानात गाठलं.

"दादा, माह्यासाठी एक काम करशीन?"

"शंभर सांग!"

"तू उद्या काहीच करू नको. काही म्हणजे काहीच! बाबा मोठ्या मुश्किलीनं तयार झाले. काही घोळ झाला तं ते जन्मात हो म्हणनार नाही."

तिचे डोळे भरून आले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. माझा स्वभाव माहीत असूनही पोरगी निश्चिंत होऊन घरी गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता चष्म्यांकडे येतो. त्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या गावात मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. मी त्यात स्वयंसेवक होतो. माझं काम एकच, पेशंटची नावं मोठ्यानं पुकारायची. शिबिराच्या सुरुवातीला यवतमाळहून आलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी भाषण केलं. म्हणाले, "आपल्याकडचं ऊन वाईट आहे. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी उन्हात राबलं की मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यात मांस वाढतं. तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधता, खिशात कांदा ठेवता, मग डोळ्यांनीच काय घोडं मारलंय?"

मला हे इतकं पटलं, इतकं पटलं, की मी पुढची चार नावं चुकीची पुकारली.

शिबिर संपलं तेव्हा एक खोकं उरलं. त्यात दोन डझन काळे चष्मे होते. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला फुकट देतात तेच, कडेनंही झाकलेले, कानात रुतणाऱ्या पातळ दांड्यांचे. आयोजक म्हणाले, "सिदूभाऊ, हे तुमच्याकडे ठेवा, पुढच्या शिबिराले कामी येतीन." मी खोकं घरी आणलं आणि त्या दिवसापासून आमच्या घराला ग्रहण लागलं.

कुणी अंगणात निघालं की मी चष्मा घेऊन मागे धावायचो. आईला तर गच्चीवर कुरडया घालतानाही मी तो लावायला लावला. चष्म्याची काच इतकी काळी, की कुरडया कुठं संपल्या आणि रिकामी चादर कुठं सुरू झाली हे तिला कळेना. ती दमून जिथं बसली, तिथं दीड पायली कुरडया होत्या.

माझी बायको मंगला त्या वेचता वेचता म्हणाली, "तुमच्या मायचे डोये वाचले, पण माह्या कुरडया गेल्या ना!"

"कुरडया पुन्हा होतील मंगला. डोळे होतात का?"

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेपासून डोळे वाचवणारा चष्मा अजून निघालेला नाही.

जायचा दिवस उजाडला. सकाळी आठलाच फुफाटा सुटला होता. भाड्याची जीप दारात उभी होती. बाबा, आई, काका, काकू, आत्या, मामा, मामी, मंगला आणि मी असे नऊ जण तयार झालो. आईनं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं. मामा गवंडीकामातले जुने जाणकार, म्हणून घराच्या भिंती पारखायला त्यांना मुद्दाम घेतलं होतं. सुषमा दारात उभी राहून सगळ्यांना लिंबूपाणी देत होती आणि मी काही करत नाही ना, हे पाहत होती.

आणि मी खोकं बाहेर काढलं.

"दादा!" सुषमा ओरडली. "हे काय?"

"हे आरोग्य आहे."

"मले वचन देल्लं होतं तू!"

"अगं, घोळ घालणार नाही असं वचन दिलं होतं. हा घोळ नाही, ही खबरदारी आहे. शंभरावर किलोमीटर जायचं, उघडी जीप, समोरून ऊन! लग्नाआधीच सगळ्यांचे डोळे गेले तर तुझं लग्न पाहणार कोण?"

माझं बोलणं ऐकून काका आणि मामा घाबरले. त्यांनी लगेच चष्मे लावले. मग आत्यानं लावला, कारण काकांनी लावला होता. मग काकूंनी, कारण आत्याला तो शोभत होता. बाबा शेवटपर्यंत अडून होते.

"मी नाही लावत बे. लोक हसतीन."

"बाबा, हसणाऱ्यांचे दात दिसतात, आपले डोळे राहतात!"

ही म्हण मी तिथल्या तिथं तयार केली होती, पण बाबांना ती जुनी वाटली. ते चष्मा लावून जीपमध्ये बसले. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी थंड तेलाची बाटलीही आणली होती. ते हिरवं, झोंबरं तेल, ज्याचे दोन थेंब टाळूवर पडले की मे महिन्यात हुडहुडी भरते. मी नऊच्या नऊ डोक्यांवर ते ओंजळीनं चोपडलं. "डोक्याला तेल, डोळ्याला चष्मा! आता सूर्य काय करतो पाहू!"

सूर्यानं जे करायचं ते वणी येईपर्यंत केलं.

वाटेत रसवंतीवर थांबलो. रसवाल्यानं आम्हाला एकापाठोपाठ एक उतरताना पाहिलं आणि घाईघाईनं बाक पुसला. आईचा हात धरून तिला बसवलं. मला वाटलं, काय आदब आहे माणसात! मग त्यानं बाबांना हळूच विचारलं, "बाबाजी, एका डोयाचं झालं का दोन्ही डोयाचं?"

"कायचं?"

"ऑपरेशन जी."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. काळ्या काचेतून त्यांची नजर दिसत नव्हती, हे त्या क्षणी माझ्या फार उपयोगी पडलं.

रसवंती सोडली आणि घामाच्या धारा लागल्या. घामाबरोबर टाळूवरचं तेल निघालं, कपाळावरून उतरलं, भुवया ओलांडून चष्म्याच्या आत शिरलं. कडेनं बंद चष्मा. आत गेलेल्या तेलाला बाहेर यायला वाट नाही.

मामा म्हणाले, "सिदू, डोये जळून राह्यले बे."

"मामा, ते ऊन बाहेर निघून राह्यलं! चष्मा काढू नका!"

"मले तं काहीच दिसून नाही राह्यलं," काकू म्हणाल्या.

"म्हणजे लागू पडून राह्यला, काकू."

आत्या मुसमुसत होती, मामी पदरानं नाक पुसत होती. मी ड्रायव्हरशेजारी बसून, गालावर ओघळणारं पाणी जिभेनं टिपत, सगळ्यांना धीर देत होतो. दुपारी बाराच्या सुमारास जीप मुकुटबनच्या पुढे एका गावात, प्रवीणच्या घरासमोर थांबली.

अंगणात हिरवी जाळी बांधली होती. दहा-पंधरा माणसं स्वागताला उभी होती. सगळ्यांत पुढे प्रवीणची आई, वत्सलाबाई, उंच, ताठ आणि चेहऱ्यावर मोठं हसू. आम्ही उतरलो. एक काळा चष्मा उतरला, दुसरा उतरला, तिसरा उतरला. चौथ्याला वत्सलाबाईंचं हसू कमी झालं. सहाव्याला मागची माणसं दोन पावलं मागे सरकली. नववा मी उतरलो तेव्हा समोर कुणीच नव्हतं. सगळे जाळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे होते.

"जय भीम!" मी हात जोडले.

"जय भीम, जय भीम!" उत्तर आलं, पण पंधरा फुटांवरून, आणि तेही आमच्याकडे न बघता. कुणी जमिनीकडे पाहत होतं, कुणी आभाळाकडे. प्रवीण, जो माझ्या बहिणीकडे सलग दोन वर्षं पाहत बसला होता, तो माझ्याकडे पाठ करून लिंबाच्या झाडाशी बोलत होता.

"बसा जी," तो झाडाला म्हणाला. "त्रास तं नाही झाला ना येताना?"

मंगलानं मला कोपर मारलं. "अहो, हे लोक आपल्याकडे पाहून काहून नाही राह्यले?"

"संस्कार," मी म्हणालो. "मुलीकडच्या बायका आल्या तर नजर वर करायची नाही, अशी इकडची पद्धत असेल."

"तुम्ही बाई हाय का?"

आम्हाला लिंबाखाली वेगळ्या टाकलेल्या तीन बाजांवर बसवलं. प्रवीणच्या वडिलांनी पाण्याचे पेले भरलेला ट्रे मधल्या स्टुलावर ठेवला आणि ते झपझप मागे गेले. "घ्या जी, तुमच्या हातानं घ्या." तेवढ्यात मामांना आपली जबाबदारी आठवली. ते उठले, चाचपडत उजवीकडे गेले, एका ठिकाणी हात ठेवून त्यांनी तो फिरवला, दोनदा थोपटलं.

"भिंत मजबूत हाय," मामांनी जाहीर केलं. "सारवलेली पन चांगली हाय. पन इतकी गरम काहून हाय?"

भिंत हंबरली आणि दोन पावलं पुढे सरकली. मामा जे धावत सुटले ते थेट आत्याच्या मांडीवर येऊन बसले.

एरवी अशा प्रसंगाला आख्खं अंगण हसलं असतं. तिथं कुणी हसलं नाही. पाणी झालं, चहा झाला. चहाचे पेले रिकामे झाले तशा वत्सलाबाई पुढे आल्या. हातात सांडशी होती. त्यांनी आमचा एकेक पेला सांडशीत धरून उचलला आणि चुलीवर उकळत असलेल्या पाण्याच्या गंजात टाकला.

मला हे काही दिसलं नाही. बाबांना दिसलं, कारण त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला होता.

बाबा उठले.

"चला," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "मंगला, तुह्या सासूले उठव. सिदू, गाडी काढाले सांग."

"काय झालं जी भाऊ?" वत्सलाबाईंनी दुरूनच विचारलं.

"बाई, मी आठ वर्षांचा होतो," बाबा म्हणाले. "उन्हातान्हात मायसंग चाललो होतो. एका दारी पानी मांगलं. त्यायनं वरून वतलं, माह्या ओंजयीत. पेल्याले हात लावू नाही देल्ला. रस्त्यानं माय म्हने, बाबू, असं पानी पेण्यापक्षा तहान बरी. तवापासून मी कोनाच्या दारी तसं पानी पेलो नाही. आन आज आपल्याच मानसाच्या घरी माह्या पेल्याले सांडशी?"

बाबांनी ही गोष्ट आम्हाला कधीच सांगितली नव्हती, आईलासुद्धा नाही. आई त्यांच्या बाहीला धरून उभी राहिली. सुषमाचं लग्न माझ्या डोळ्यांसमोर मोडत होतं आणि मला ते नीट दिसतही नव्हतं.

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. तो बंद करायला गेलो, पण काळ्या काचेतून कुठलं बटण कुठं ते समजेना. काहीतरी दाबलं, तर स्पीकर सुरू झाला आणि सुषमाचा आवाज साऱ्या अंगणात घुमला.

"दादा, काय झालं? बाबा हासले का? प्रवीणच्या आईसोबत गोड बोलले ना? तू काही केलं तं नाही ना?"

प्रवीणनं पहिल्यांदाच झाडाकडून मान वळवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी कसाबसा म्हणालो, "चहा चांगला होता," आणि फोन कुठंतरी दाबला. या वेळी तो बंद झाला.

"अवं माय!" वत्सलाबाईंनी सांडशी फेकून दिली. "भाऊ, तुमी कुठलं कुठं नेलं! मी कायले शिवताशिवत पाळीन? तुमचे डोये आले ना जी!"

"कोनाचे डोये आले?"

"सर्वायचे! नऊच्या नऊ मानसायचे! मी आशा वर्कर हाय गावची. महिना झाला डोयाच्या साथीनं नुसता उच्छाद मांडला इकडं. रोज घरोघरी फिरून सांगून राह्यली, की काया चष्मा दिसला का दूर राहा, त्याचे कपभांडे अलग ठिवा, उकया. इकडं तं लोक म्हंतात, नुसतं त्या डोयाकडं पाह्यलं तरी आपले येतात. म्हनून सारे पाठमोरे उभे हाय! मले वाटलं, घरदार आजारी असून देल्ला शबूद पाळाले मानसं इतक्या दूर आले. मी तं मनात म्हटलं, अशी सोयरीक नशिबानं भेटते."

बाबांनी मान अगदी सावकाश माझ्याकडे वळवली.

"सिदू," ते म्हणाले, "सांग यायले."

मी सांगितलं. शिबिर सांगितलं, खोकं सांगितलं, सूर्याचे किरण सांगितले. "आमच्यापैकी कुणाचेही डोळे आलेले नाहीत. एकदम ठणठणीत आहेत! पाहा हवं तर. काढा रे सगळ्यांनी चष्मे!"

आम्ही एकदम चष्मे काढले.

अठरा डोळे! लालभडक, सुजलेले, घळाघळा वाहणारे. जाळीखालच्या बायका किंचाळल्या. प्रवीणचे काका कुंपणावरून उडी टाकून शेजारच्या घरात गेले ते जेवणाच्या वेळेपर्यंत आले नाहीत. मी स्वतः आधी बाबांचे डोळे पाहिले, मग मंगलाचे, आणि खरं सांगतो, मलाही वाटलं की आले की काय!

पळून गेल्या नाहीत त्या फक्त वत्सलाबाई. त्या एक पाऊल पुढे आल्या, थांबल्या, नाक वर करून त्यांनी हुंगलं.

"हा वास कायचा येऊन राह्यला?"

"थंड तेल," मंगला म्हणाली. वर्षानुवर्षांचं साठलेलं तिनं त्या दोन शब्दांत ओतलं. "यायनं लावलं. सर्वायच्या डोक्याले. ओंजयीनं."

वत्सलाबाईंना आधी कळेना. मग कळलं. मग त्या तिथंच ओट्यावर बसून हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, प्रवीणच्या वडिलांनी पाणी आणून दिलं, ते पितानाही त्यांना हसू आवरेना. ते हसू ऐकून एकेक जण परत आला. (प्रवीणचे काका सोडून.)

मग त्या उठल्या, कळशी घेतली आणि तरातरा चालत थेट बाबांपाशी आल्या. त्यांच्या खांद्याला धरून त्यांना बाजेवर बसवलं, एका हातानं हनुवटी वर केली आणि दुसऱ्या हातानं त्यांचे डोळे धुवायला लागल्या. कळशी संपेपर्यंत धुतले. मग आपल्या पदरानं त्यांचा चेहरा पुसला.

"आता शिवली ना मी, भाऊ?" त्या म्हणाल्या. "आता बसान ना जेवाले?"

बाबा रडत होते. ते तेलाचं पाणी नव्हतं हे मलाही कळत होतं. त्यांनी फक्त मान हलवली. आईला हुंदका आला, आणि मीही अंगणात आमच्यासाठी लावलेल्या कूलरच्या मागे तोंड लपवून रडून घेतलं. बाबांना मी आयुष्यात दोनदाच रडताना पाहिलं, त्यातलं हे पहिलं.

त्यानंतर माझी हजेरी घेतली गेली. वत्सलाबाईंनी चष्मा हातात घेऊन उन्हात धरला.

"हे ऑपरेशनवाल्यायसाठी हाय भाऊ. नुसती काच कायी असली म्हंजे ऊन नाही अडत. उलटं अंधारात बाहुली मोठी होते आन किरण जास्तच आत जाते. उन्हासाठी पाह्यजे तो चष्मा अतिनील किरणं अडवणारा, दुकानातून विचारून घ्या लागते. आन वर मोठ्या काठाची टोपी. डॉक्टरनं हे सांगतलं नाही का तुमाले?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं. नंतर मी चौकशी केली तेव्हा कळलं, की भाषणाचा सगळा उत्तरार्ध त्यावरच होता. तेव्हा मी चहा आला का ते पाहायला बाहेर गेलो होतो.

पुढे त्यांनी आम्हाला साध्या पाण्यानं डोळे धुवायला लावले, बाजांवर ओळीनं आडवं केलं आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर ओली पट्टी ठेवली. "आग थांबेपर्यंत कोनीच काढू नका!" आम्ही नऊ जण तसेच पडून राहिलो. जेवणही तसंच झालं. उठून बसायचं, पट्टी तशीच, समोर ताट. प्रवीणचे वडील वाढत फिरत होते.

"भाकर पाह्यजे का जी?"

"कोनाले विचारून राह्यले?"

"तुमालेच जी, मामा."

"मंग आना. आन ते माह्या पाठीमागं म्हैस तं नाही ना?"

अंगण आता पोटभर हसत होतं. वांग्याची भाजी मी माझ्या ताटातली थोडी आणि मंगलाच्या ताटातली पुष्कळ खाल्ली. बाबांना वत्सलाबाई स्वतः वाढत होत्या. बाबा शाळेतल्या गोष्टी सांगत होते आणि त्या "हो का वो भाऊ!" म्हणत होत्या. पाच वाजता ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तेव्हा आम्हाला हाताला धरून जीपपर्यंत पोहोचवण्यात आलं. डोळ्यांची आग थांबली होती, पण सुजेमुळे पापण्या अजून अर्ध्याही उघडत नव्हत्या.

जीप गावाबाहेर आली तसे बाबा म्हणाले, "लाव सुषमाले फोन. सांग, माह्या तर्फेनं हो."

त्या एका शब्दासाठी माझ्या बहिणीनं वर्षभर वाट पाहिली होती. मी फोन लावला. पलीकडे ती रडली. मग तिनं नाक ओढलं आणि कुठलीही मुलगी विचारेल तेच विचारलं.

"दादा, घर कसं हाय रे?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं काकूंकडे, काकूंनी आत्याकडे. घराला खोल्या किती, खिडक्या आहेत की नाहीत, कुणालाच सांगता येईना. मामांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "म्हैस चांगली हाय."

"दादा? सांग ना!"

शेवटी मी फोन ड्रायव्हरच्या कानाला लावला. गाडी चालवायची म्हणून त्याला चष्मा आणि तेल, दोन्ही दिलं नव्हतं. त्यानं वेग कमी केला आणि अगदी सविस्तर सांगितलं, "ताई, बिनधास्त राहा. चार खोल्या हाय, स्लॅबच्या. सैपाकघराले दोन खिडक्या, एक पूर्वेले. बोअर हाय, मोटर नवी हाय. अंगणात मोठा लिंब हाय, उन्हायात गारवा राहीन. पसंत करून टाका."

सुषमा आज त्या घरात सुखानं नांदते आहे. बहिणीचं घर पाहायला सख्खा भाऊ गेला होता, आणि पाहून आला तो ड्रायव्हर, तोही भाड्याचा!